भाकरी कोणी सोडली?

गेल्या महिन्यात आज्जी गावाहून आमच्याकडे जेसल पार्कला आली. निमित्त शुगरचं. तपासण्या झाल्या, गोळ्या ठरल्या, आणि डॉक्टरांनी खाण्याचा एक तक्ता लिहून दिला. त्यातली पहिलीच ओळ: भात कमी, चपाती कमी, ज्वारीची भाकरी चालेल.

मी मनात म्हटलं, चला, हे तर सोपं काम आहे. आज्जी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातली. म्हणजे खास ज्वारीच्या मुलखातली. तिला भाकरी खा म्हणून सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण झालं उलटंच. आईने भाकरी केली की आज्जी ताट बाजूला सारायची आणि म्हणायची, "मला चपातीच दे." असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी माझा पेशन्स संपला आणि मी तिला एक भाषण दिलं (आयटीवाल्यांना प्रेझेंटेशनची सवय असतेच). म्हटलं, आज्जे, अख्खं जग आता भाकरीकडे वळतंय. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये भाकरी चपातीपेक्षा महाग मिळते आणि लोक रांग लावून घेतात. आणि तुम्ही गावातली माणसं आपलं स्वतःचं अन्न सोडून मैद्या-गव्हाच्या मागे लागलात!

आज्जीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "बहात्तरला तू हुतास का?" आणि उठून गॅलरीत जाऊन बसली.

माझं भाषण तिथेच संपलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. गावातली माणसं जे खातात ते का खातात? आपण शहरातले लोक याची दोनच उत्तरं देतो. एक, गरिबी. दोन, अडाणीपणा. "त्यांना पोषणाचं काही कळत नाही" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा बोललोय. बग सापडला की रूट कॉज शोधल्याशिवाय झोप न येणाऱ्या जमातीतला मी. तीन वीकेंड याच्यावर घालवले. त्यातून जे हाती लागलं ते खाली देतोय.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या ठिकाणापासून करू. पुण्यातलं पिंपळे सौदागर. हिंजवडीत नोकरी केलेला एक तरी मित्र तिथे भाड्याने राहिलेला असतोच. या गावावर १९१७ साली एक पुस्तक निघालं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांबरोबर या गावातल्या जमिनीचा, कर्जाचा आणि घरखर्चाचा हिशेब घरोघर जाऊन मांडला. निष्कर्ष असा की जमिनीचे वाटणी होऊन होऊन इतके तुकडे झालेत की बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागूच शकत नाही. उरलेलं बाहेरच्या मजुरीतून, नाहीतर सावकाराकडून. शंभरेक वर्षांपूर्वीचं हे चित्र लक्षात ठेवलं की 'आवडनिवड' हा शब्द वापरताना जरा जपून वापरावासा वाटतो. ज्या घराचा हिशेबच जुळत नाही, ते घर काय खायचं हे कशावरून ठरवतं?

पहिलं कारण मला कधी सुचलंच नसतं: बैल. देशावरची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. तिची दोन उत्पन्नं. कणसातलं धान्य माणसांना आणि उंच ताटांचा कडबा जनावरांना. शेतकरी ज्वारी पेरतो तेव्हा तो एकाच वेळी घरच्यांचं आणि बैलांचं वर्षभराचं जेवण पेरत असतो. मालदांडी ही जी नावाजलेली जात, तिच्यातून निवड करून १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्राने एम ३५-१ हे वाण दिलं. आजही तिचं नाव निघतं, कारण दाणाही चांगला आणि कडबाही चांगला. गव्हाचं तसं नाही. गव्हाला पाणी लागतं आणि पाणी ज्याच्या विहिरीला त्याच्याकडेच. त्यामुळे कोरडवाहू घरात चपाती म्हणजे एकतर सण, नाहीतर पाहुणा. जावई आला तर चपाती, घरच्यांना भाकरी. हे दोन-चार पिढ्या चाललं की चपाती ही नुसती खायची वस्तू राहत नाही. ती घराची पत होते.

दुसरं कारण म्हणजे बायकांचे हात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आपण त्याकडे लोकसाहित्याचा ठेवा म्हणून बघतो, आणि तो आहेच. पण दुसऱ्या बाजूने बघा. एक लाख ओव्या सुचायला बायकांना किती पहाटा जात्यापुढे काढाव्या लागल्या असतील! पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण सुटलं. पण ज्वारीचा एक त्रास गिरणीनेही सुटला नाही. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. जुनं झालं की त्याची 'विरी' जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना तुटते. म्हणून दळण थोडं थोडं आणि सारखं आणावं लागतं. वर भाकरी एकेक थापायची, एकेक भाजायची, आणि शक्यतो गरम वाढायची. गव्हाचं पीठ त्या मानाने टिकतं, कणीक मळून ठेवता येते, आणि डब्यातली चपाती दुपारपर्यंत मऊ राहते. गावातली बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली, पोरं शाळेत डबा नेऊ लागली, तेव्हा चपातीकडे वळणं हा अडाणीपणा नव्हता. तो वेळेचा हिशेब होता. आपण ऑफिसला जाताना जो हिशेब करून ब्रेडचं पाकीट उघडतो, तोच.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. मान. गावातल्या सगळ्यांनाच 'आज काय खायचं' हा प्रश्न विचारायची मुभा नव्हती. महार-मांग घरांना गावकीच्या कामाच्या बदल्यात घरोघर फिरून भाकरी मागून आणावी लागे, आणि मेलेल्या जनावराचं मांस हा त्यांच्या वाट्याला आलेला 'हक्क' होता. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक मराठवाड्यातल्या या स्वयंपाकघरांबद्दल आहे. नाव वाचूनच आपल्या तोंडपाठ श्लोकाला टाचणी लागते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. आता याचा नुसता आहारशास्त्राच्या चष्म्यातून विचार करा. अर्धपोटी घरांना फुकट मिळणारं अन्न सोडायला सांगणं हे कोणत्याही आहारतज्ज्ञाला वेडेपणाचं वाटेल. आणि तरीही गावोगावच्या घरांनी ते सोडलं. पोट रिकामं ठेवून सोडलं. माणूस काय खातो हे फक्त भूक आणि किंमत ठरवत असती तर हे कधीच घडलं नसतं.

चौथं कारण म्हणजे सरकार. हे कारण जुनं आहे. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. एवढ्यात खडी फोडणारा माणूस जगतो, असं कागदावर गणित होतं. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम सोडलं, आणि सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसांनी केलेला संप! शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण गावाच्या ताटात काय पडणार हे ठरवणं सरकारकडेच राहिलं. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० खाली करार झाला आणि अमेरिकन धान्य यायला लागलं. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, राज्य धान्यात स्वयंपूर्ण करायचं म्हणून त्यांनी हायब्रीड ज्वारीचा धडाका लावला. पोती वाढली यात शंका नाही. पण खरिपातली ही ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडायचा, भाकरीला चव नसायची, आणि ताटं ठेंगणी असल्याने कडबाही कमी. मराठीत 'हायब्रीड' हा शब्द आजही नकली, बेचव या अर्थाने वापरतात. "ही हायब्रीड पिढी" असं तुम्हालाही कोणीतरी म्हटलं असेल :) त्या शब्दाचं मूळ या काळ्या पडलेल्या दाण्यात आहे.

आणि मग १९७२.

तिसऱ्या वीकेंडला मी आज्जीला संध्याकाळी जेसल पार्क चौपाटीवर घेऊन गेलो. (बाहेरच्यांसाठी: ही गिरगावसारखी चौपाटी नव्हे. खाडीचा काठ आहे. बसायला जागा, समोर पाणी, बाजूने रेल्वेचा पूल आणि त्यावरून नायगावकडे जाणाऱ्या लोकल.) तिथे बसल्यावर मी मुद्दामहून काही विचारलं नाही. तीच बोलायला लागली.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि माझी थोरली आत्या कडेवर. पावसाचं हे सलग तिसरं वाईट वर्ष. बैल आधीच विकलेले, कारण कडबा नाही. आज्जी आणि आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. आकडा मी नंतर वाचला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. म्हणजे त्या वर्षी रस्त्याकडेला खडी फोडणारी माझी आज्जी ५० लाखांतली एक. या कामांमुळे माणसं जगली, १८७७ सारखं झालं नाही, हे खरंच. रोजगार हमी योजना त्यातूनच मोठी झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे देशाने ती कल्पना उचलली. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते असं.

रेशनवर मिलो मिळायची. परदेशातून आलेली लाल ज्वारी. अमेरिकेत ही मुख्यतः जनावरांना चारतात, आणि गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. "लाल भाकरी. विटंसारखी," आज्जी म्हणाली. "थापायला गेलं की फुटायची. वास यायचा. पोरगी तोंडात घ्यायची न्हाई, थुंकायची. मी हानायची तिला. खा म्हनून हानायची." कामावर सुकडी वाटायचे. ती गोड असायची. आज्जी स्वतःच्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आत्यासाठी आणायची आणि स्वतः मिलो खायची.

जरा वेळ ती गप्प बसली. पुलावरून एक विरार फास्ट धडधडत गेली.

मग म्हणाली, "तुज्या बापाला पहिला पगार झाला, तवा त्यानं इचारलं, आये काय पायजे. म्या म्हनलं, गव्हाचं पोतं आन."

मला एकदम माझं भाषण आठवलं. 'आपलं स्वतःचं अन्न.' ज्या बाईने पोरीला मारून जनावराचं धान्य भरवलं, तिला मी पोषण शिकवायला निघालो होतो.

बहात्तरच्या त्या दुष्काळानंतर पन्नासेक वर्षांत गावात जे झालं ते भराभर सांगतो. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, आमच्या भागात पाणी आलं, आणि पाण्यामागून ऊस आला. राज्यात इतरत्र खरीप ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली. ट्रॅक्टर आले, बैल गेले, मग कडब्याची निकड गेली. रब्बी ज्वारी हाताने उपटून काढायची असते, त्याला मजूर मिळेनात. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना ५ किलो, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. भरडधान्य १ रुपया किलोने द्यायची तरतूद त्यात आहे, पण आमच्या गावच्या दुकानात पोतं असतं ते गव्हाचं आणि तांदळाचं. जानेवारी २०२३ पासून तर तेही फुकट. दुसरीकडे २०२४-२५ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये, आणि त्याच वर्षीचा गव्हाचा २२७५. म्हणजे ज्वारी पिकली तर ती विकायची आणि रेशनचा गहू खायचा, हे गणित कोणीही सांगेल.

यात पाखरांची गंमत मला फार आवडली. म्हणजे गंमत आपल्याला, शेतकऱ्याला नाही. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं येतात. सगळं शिवार ज्वारीचं असतं तेव्हा पाखरं वाटली जातात, प्रत्येकाचं थोडं थोडं नुकसान होतं. पण आजूबाजूला ऊस आणि एकट्याचीच ज्वारी असेल तर गावातली सगळी पाखरं त्याच्याच रानात. मग माळ्यावर उभं राहून गोफण कोण फिरवणार? पोरं शाळेत. म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी तोही ज्वारी सोडतो. एकेकाने शहाणपणाने घेतलेला निर्णय, आणि सगळ्यांचं मिळून ज्वारीचं शिवारच नाहीसं. हे आपल्या धंद्यातही होतंच की. टीममधले सगळे नव्या सिस्टिमवर गेले की जुन्यावर राहिलेल्या एकट्या माणसाच्या अंगावर सगळे बग येतात. त्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, मग ज्वारी वाईट का? नाही. पण तिला अमृत करायचीही गरज नाही. १९६० च्या सुमाराला हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दख्खनमधल्या ज्या मजुरांच्या पोटात ज्वारीशिवाय दुसरं काही जात नव्हतं, त्यांच्यात पेलाग्रा हा कातडीचा आणि पोटाचा आजार आढळत होता. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी असेल तर ज्वारी उत्तमच. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा ही आपल्याला वीकेंडची चैन वाटते. रोज, दोन्ही वेळा, नाइलाजाने तेवढंच असेल तर ते वेगळं जेवण आहे. पदार्थ तोच असला तरी.

तर रूट कॉज काय? एक नाहीच. बैल, पाणी, बायकांचे हात, रेशनचं दुकान, पाखरं, आणि या सगळ्यांच्या वर, काय खाल्लं म्हणजे आपली मान खाली जात नाही याचं गणित. भाकरी गावाने सोडली असं म्हणणं मला आता जमत नाही. भाकरीला धरून ठेवणाऱ्या गोष्टी एकेक करून काढून घेतल्या गेल्या, आणि जेव्हा चपाती परवडली तेव्हा लोकांनी ती मानाने घेतली. आज आपण त्यांना परत भाकरीवर या म्हणतोय. म्हणूया जरूर. पण दळून कोण आणणार, थापणार कोण, आणि पाखरं कोण हाकणार, हेही त्याच दमात विचारूया. मी घरी हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर होतं: आई. जी स्वतः सकाळी सात बावन्नची लोकल पकडते. तक्ता वाचताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आज्जीच्या नकारात आणखी एक साधं कारण होतं, ते चौपाटीवरून परतताना कळलं. आम्ही आणत होतो ते पाकिटातलं पीठ. किती महिन्यांपूर्वी दळलेलं देव जाणे. विरी गेलेली, भाकरी फुटणारी, आणि जुन्या पिठाचा वास. तिला तो वास ओळखीचा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी मार्केटमधून पांढरी मालदांडी आणली आणि गिरणीवर गेलो. आमच्या एरियात गुजराती-मारवाडी वस्ती भरपूर, त्यामुळे गिरणीवाल्याकडे गहू आणि बाजरीचेच डबे रांगेत. त्याने आधी बाजरीचे डबे काढले, मग माझी ज्वारी दळली. पीठ गरम होतं. भाकरी मी थापली. पहिल्या दोन महाराष्ट्राच्या नकाशासारख्या झाल्या, तिसरीला आज्जीने पाणी कमी आहे म्हणून सांगितलं. चौथी फुगली.

आज्जीने अर्धी खाल्ली, दुधात कुस्करून. चांगली झालीय असं काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने परत चपाती मागितली, आणि मी काही न बोलता वाढली. आता तह असा झालाय: रात्री भाकरी, ताज्या पिठाची, मी केलेली. सकाळी एक चपाती, तिच्या हक्काची. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी चालेल म्हटलं.

तुमच्याही घरात बहात्तर पाहिलेलं कोणी असेल तर एकदा विचारून बघा, तेव्हा काय खाल्लं. लवकर विचारा. ती माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत.